विल्यम ब्लेकचे किनाऱ्यावरचे घर दुरुस्त करायला इतकी वर्षे का लागतात

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेस्ट ससेक्समध्ये, बॉग्नर रेजिस शहराला खेटून फेल्फम नावाचे गाव आहे. तिथे ब्लेक्स रोड या रस्त्यावर गवताने शाकारलेले एक जुने दुमजली घर आहे आणि समुद्र तिथून पायी काही मिनिटांवर आहे. कवी, चित्रकार आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापणारा कारागीर विल्यम ब्लेक आपली पत्नी कॅथरीन हिच्यासह सप्टेंबर १८०० ते सप्टेंबर १८०३ अशी तीन वर्षे या घरात राहिला. ही तीन वर्षे सोडली, तर त्याचे सारे आयुष्य लंडनमध्ये गेले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ हे घर खासगी मालकीचे होते. २०१५ मध्ये ब्लेक कॉटेज ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने लोकवर्गणी आणि देणग्यांच्या बळावर सुमारे ५ लाख पौंडांना ते विकत घेतले. घर दुरुस्त करून ते सर्वांना आत जाऊन पाहता यावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात २०२१ मध्ये, म्हणजे खरेदीनंतर सहा वर्षांनी, हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या धोक्यातील वारसावास्तूंच्या यादीत या घराचे नाव आले. गवती छपराची दुरवस्था हे त्याचे मुख्य कारण होते.

हे वाचून कोणालाही प्रश्न पडेल की घर एवढेसे, मालकी निर्विवाद, कवी जगप्रसिद्ध, मग अडते कुठे? पैसा हे उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की जुन्या घराच्या दुरुस्तीत जो वेळ बाहेरून वाया गेल्यासारखा दिसतो, त्यातला बराचसा वेळ हा त्या कामाचाच भाग असतो आणि अशी घरे हातची जातात ती बहुतेक वेळा घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे. हे कसे, ते नीट समजून घ्यायचे तर आधी ब्लेककडे, मग छपराकडे आणि भिंतींकडे पाहावे लागेल.

ब्लेक फेल्फमला आला तेव्हा ४२ वर्षांचा होता. लंडनमध्ये त्याला पुरेसे काम मिळत नव्हते. विल्यम हेली हा त्या काळी चांगला नावाजलेला कवी फेल्फममध्ये राहत असे. त्याने आपल्या पुस्तकांसाठी चित्रे कोरण्याचे काम देऊ केले आणि ब्लेकने गावातल्या फॉक्स इन या खानावळीच्या मालकाकडून वर्षाला २० पौंड भाड्याने हे घर घेतले. १८ सप्टेंबर १८०० रोजी ब्लेक, कॅथरीन आणि ब्लेकची बहीण अशी तिघे निघाली. वाटेत सात वेळा घोडागाडी बदलावी लागली, बरोबर सोळा जड पेट्या होत्या, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास ती पोहोचली. तीनच दिवसांनी शिल्पकार मित्र जॉन फ्लॅक्समन याला लिहिलेल्या पत्रात ब्लेकने घराची अशी तारीफ केली आहे की आजही वाचताना आनंद होतो. घर अपेक्षेपेक्षा सुंदर आणि सोयीचे आहे, घरांचा हा आदर्श नमुनाच आहे, आणि प्रमाण न बदलता नुसते मोठे केले तर यातूनच महाल उभा राहील, असे त्याचे म्हणणे.

त्या तीन वर्षांत या घरात पुष्कळ काही घडले. ब्लेकने हेलीच्या ग्रंथालयासाठी थोर कवींची अठरा मस्तकचित्रे रंगवली. ती आज मँचेस्टरच्या कलादालनात आहेत. कवी विल्यम कूपरच्या हेलीने लिहिलेल्या चरित्रासाठी त्याने पत्रे कोरले आणि नवराबायकोने मिळून ते घरच्या दाबयंत्रावर छापले. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली काढणारी कॅथरीन एव्हाना छपाईत आणि रंगकामात तरबेज झाली होती. ‘मिल्टन’ या ब्लेकच्या दीर्घकाव्याची मुळे याच काळात आहेत. त्याच्या प्रस्तावनेतली कविता पुढे ह्यूबर्ट पॅरीने १९१६ मध्ये स्वरबद्ध केली आणि ‘जेरुसलेम’ या नावाने ती इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचली. शेवट मात्र कडू झाला. हेलीच्या फर्माइशी कामांचा ब्लेकला कंटाळा आला, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी घराच्या बागेत आलेल्या जॉन स्कोफील्ड नावाच्या सैनिकाला त्याने दंडाला धरून बाहेर काढले. ब्लेकने राजाविरुद्ध द्रोही उद्गार काढले, अशी तक्रार त्या सैनिकाने केली. ११ जानेवारी १८०४ रोजी चिचेस्टरच्या गिल्डहॉलमध्ये खटला उभा राहिला आणि ब्लेक निर्दोष सुटला. तोवर त्याने फेल्फम सोडलेही होते.

दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पत्रांमध्येच दडलेली आहे. जानेवारी १८०३ मध्ये भावाला लिहिताना ब्लेक सांगतो की इथे आल्यापासून कॅथरीनला जवळजवळ सतत हिवताप आणि संधिवात यांनी पछाडले आहे. त्याचे चरित्रकार याचा दोष घरातल्या ओलीला देतात. म्हणजे ज्या ओलीने हे घर आज धोक्यात आणले, ती ब्लेकच्या वेळीही घरात होती. तेव्हा ही ओल पूर्णपणे घालवण्याचा अट्टहास कोणत्याही जाणत्या वास्तुतज्ज्ञाने करू नये. ती आत येते तितकी बाहेरही जात राहावी, एवढेच साधायचे असते.

आता छपराकडे येऊ. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी गवताने किंवा झापांनी घर शाकारायची रीत होती आणि ती शाकारणी दरवर्षी करावी लागे. इंग्लंडमधली शाकारणी वेगळी आहे, कारण तिचा थर जाड असतो, सामान्यतः ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक. त्यासाठी गव्हाचा लांब पेंढा किंवा पाणथळीत उगवणारे बोरू वापरतात. गव्हाच्या पेंढ्याचे छप्पर चांगल्या हाताने बांधले, तर पंचवीस ते पस्तीस वर्षे टिकते, पाणबोरूचे त्याहून अधिक टिकते. आढ्यावरचा पेंढा मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. छपराचा उतार सुमारे ४५ ते ५० अंशांचा ठेवलेला असतो. त्यामुळे पाऊस पडला, की वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर तेवढा भिजतो, पाणी काडीवरून काडीवर घसरत वळचणीपर्यंत येते आणि तिथून पागोळ्यांनी भिंतीपासून दूर खाली पडते. या घरांना पन्हळ नसते. आतला पेंढा कोरडा राहतो, आणि तो कोरडा राहतो तोवर छप्पर शाबूत असते.

बिघाड सुरू होतो तो आढ्यावर, धुराड्याच्या बुडाशी आणि दोन पाखी मिळतात त्या खाचेत. शेवाळ धरते, पेंढा कुजून बसतो, खोलगट जागेत पाणी साचते आणि एकदा का ते आतल्या थरात उतरले, की ते सरळ खाली न येता वाशांवरून वाहत भलत्याच ठिकाणी प्रकट होते. खोलीत दिसणारा डाग आणि छपरातले भोक यांच्यात कित्येक फुटांचे अंतर असू शकते. ओले झालेले लाकूड बुरशीला आणि घुणाला आमंत्रण देते. जुन्या ओकच्या तुळयांमध्ये शिरणारा डेथवॉच बीटल नावाचा भुंगेरा तर ओलसर, आधीच कुजू लागलेल्या लाकडातच फोफावतो. म्हणून छपराचे काम लांबणीवर पडले, की खर्च नुसत्या छपराचा राहत नाही. वासे, तुळया, छताचा गिलावा, भिंतीचा माथा असा तो खाली उतरत जातो.

मग तातडीने सगळा पेंढा काढून नवा का घालू नये? इथे पहिली अडचण येते. गव्हाच्या पेंढ्याच्या परंपरेत जुने छप्पर पूर्ण उतरवत नाहीत. वरचा कुजका थर काढतात आणि खालच्या शाबूत थरावर नवा थर हेझल झाडाच्या वाकवलेल्या काटक्यांनी टाचतात. त्यामुळे अगदी तळचा थर शेकडो वर्षांचा असू शकतो. इंग्लंडमध्ये काही छपरांच्या तळाशी मध्ययुगातला, चुलीच्या धुराने काळा पडलेला पेंढा सापडला आहे आणि त्या काळी शेतात कोणते गहू, कोणती राय, कोणते तण होते हे अभ्यासकांनी त्यावरून शोधले आहे. तेव्हा ब्लेकच्या डोक्यावर होते त्या छपराचा एखादा पदर अजून तिथे आहे का, हे पाहण्याआधी फावडे लावणे हा गुन्हा ठरेल, कायद्याने नसला तरी इतिहासाच्या दृष्टीने नक्कीच.

दुसरी अडचण पेंढ्याची आहे. हरितक्रांतीनंतर गव्हाच्या जाती बुटक्या झाल्या, कारण शेतकऱ्याला दाणा हवा होता, काडी नको होती. शाकारणीला मात्र लांब, सरळ, न मोडलेली काडी लागते. त्यामुळे मॅरिस विजन यासारखी १९६० च्या दशकातली उंच जात काही शेतकरी मुद्दाम छपरांसाठी पेरतात, आणि ती आधुनिक मळणीयंत्राने न कापता जुन्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने कापतात. पाऊस अवेळी झाला, तर पीक आडवे होते आणि त्या वर्षी पेंढ्याची टंचाई पडते. त्याऐवजी परदेशी पाणबोरू वापरावे, तर छपराचे रूप बदलते. बोरूचे छप्पर धारदार, रेखीव दिसते, पेंढ्याचे मऊ आणि गोलसर. नोंद झालेल्या जुन्या घरावर हा बदल करायला बहुधा वेगळी परवानगी लागते आणि स्थानिक अधिकारी ती सहजी देत नाहीत. मला हा आग्रह योग्य वाटतो.

भिंतींची गोष्ट अधिक नाजूक आहे. ससेक्सच्या किनाऱ्यावर दगड म्हणजे फ्लिंट, आपण ज्याला चकमकीचा दगड म्हणतो तो. शेतात आणि समुद्रकाठी त्याचे गोटे विपुल मिळत. हा दगड काचेसारखा असतो, पाणी शोषत नाही आणि त्याचा काटकोन साधत नाही. म्हणून कोपऱ्यांना आणि खिडक्या-दारांच्या कडांना विटा वापरत आणि बाकीची भिंत चुन्याच्या भरपूर मसाल्यात गोटे बसवून उभी करत. अशा भिंतीत गोटा ओल घेत नाही, म्हणजे ओलीची सगळी ये-जा दर्जांमधल्या, म्हणजे गोट्यांमधल्या फटींतल्या, चुन्यातूनच होणार. चुना सच्छिद्र असतो. पावसात तो थोडे पाणी पितो आणि ऊन-वारा लागला, की सोडून देतो. घर थोडे हलले तर तो थोडा वाकतो, बारीक तडा गेला तर स्वतःच विरघळून पुन्हा घट्ट होत तो तडा काही अंशी बुजवतो.

विसाव्या शतकात सिमेंट स्वस्त झाले आणि हजारो जुन्या घरांच्या दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या, वरून प्लास्टिकचे रंग चढले. दिसायला भिंत मजबूत झाली, पण तिला रेनकोट घालून पळायला लावल्यासारखे झाले. बाहेरचे पाणी अडले आणि आतला घाम आतच राहिला. जोत्यातून चढलेली, छपरातून झिरपलेली, स्वयंपाकाच्या वाफेतून आलेली ओल मग आतल्या बाजूने बाहेर पडते. समुद्र जवळ असला, की या ओलीबरोबर क्षार येतात. पाणी सुकते, क्षारांचे स्फटिक बनतात, फुगतात, आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तो प्रकार हाच. सिमेंट उलट चुन्यापेक्षा कडक असते, म्हणून ते काढताना शेजारची मऊ वीट तुटते. त्यामुळे भिंतीवरचे सिमेंट यंत्राने न उडवता हाताने, छिन्नीने, एकेका दर्जेतून काढावे लागते. एक चौरस मीटर भिंत साफ करायला किती वेळ लागतो, हे ज्याने असे काम जवळून पाहिले आहे, त्याला वेळापत्रकाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

चुन्याचेही स्वतःचे वेळापत्रक असते. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड बनतो, आणि ही क्रिया पुरी होण्याआधी थंडीने पाणी गोठले, तर मसाला भुसभुशीत होतो. पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली जायचा संभव असेल, तर चुन्याचे काम करत नाहीत. इंग्लंडमध्ये याचा अर्थ ढोबळमानाने एप्रिल ते ऑक्टोबर. त्यात वटवाघळांची भर पडते. जुन्या छपरांमध्ये वटवाघळे राहतात, त्यांना आणि त्यांच्या वसतिस्थानाला कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून छपराला हात लावण्यापूर्वी पाहणी करावी लागते आणि ती मुख्यतः उन्हाळ्याच्या महिन्यांत, संध्याकाळी वटवाघळे बाहेर पडतात तेव्हा होते. पाहणीत वटवाघळे आढळली, तर काम कोणत्या महिन्यांत करायचे हे तीच ठरवतात. पेंढ्याचा हंगाम, चुन्याचा हंगाम आणि वटवाघळांचा हंगाम ही तीन पंचांगे जुळवताना एक पाहणी चुकली, की सबंध वर्ष जाते.

या सगळ्यावर कायद्याची देखरेख आहे. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या जुन्या वास्तूंची राष्ट्रीय यादी आहे आणि तिच्यात तीन श्रेण्या आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत सुमारे अडीच टक्के वास्तू आहेत, ‘दोन-तारांकित’ श्रेणीत सुमारे ५.८ टक्के, बाकी सगळ्या दुसऱ्या श्रेणीत. ब्लेकचे घर दोन-तारांकित आहे, म्हणजे ते देशातल्या नोंदलेल्या वास्तूंपैकी वरच्या आठ-नऊ टक्क्यांत मोडते. १९९० च्या कायद्यानुसार अशा वास्तूच्या बाहेरच्या रूपालाच नव्हे, आतल्या जिन्याला, चुलीला, दाराच्या कडीलाही संरक्षण असते. तिच्या स्वरूपावर परिणाम करणारे काम परवानगीवाचून करणे हा फौजदारी गुन्हा आहे. परवानगी स्थानिक परिषद देते, फेल्फमच्या बाबतीत अरुन जिल्हा परिषद, आणि या श्रेणीच्या वास्तूसाठी हिस्टॉरिक इंग्लंडचे मतही घेतले जाते. अर्जासोबत नकाशे, छायाचित्रे, प्रत्येक खोलीची स्थिती, प्रत्येक बदलाचे कारण आणि तो न केल्यास काय होईल, हे सारे लिहून द्यावे लागते.

या शिस्तीमागे एक विचार आहे आणि त्याचा उगम १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने स्थापन केलेल्या प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाच्या संस्थेत आहे. त्या काळी जुनी चर्चे ‘मूळ रूपात आणण्याच्या’ नावाखाली खरवडून नवीकोरी केली जात होती. मॉरिसने त्याला ठाम विरोध केला. कुजलेल्या तुळईचा कुजका भाग तेवढा कापा, तिथे त्याच जातीचे लाकूड जोडा, चांगला भाग तसाच ठेवा, आणि जोड लपवू नका, अशी ही पद्धत. उद्या कोणाला अधिक चांगला उपाय सुचला तर आजचा उपाय काढता यावा, हेही तिच्यात येते. नवी तुळई आणून बसवणे यापेक्षा स्वस्त पडते आणि लवकर होते. पण ब्लेकने जिच्याखाली बसून पत्रा कोरला, ती तुळई मग राहत नाही.

पैशाचा भाग थोडक्यात सांगता येतो. ब्रिटनमध्ये अशा कामांना मोठा आधार राष्ट्रीय लॉटरीतून उभ्या राहणाऱ्या वारसा निधीचा असतो. पण हा निधी नुसत्या भावनेवर मिळत नाही. काम झाल्यावर घर कसे चालेल, कोण येईल, शाळांना त्याचा काय उपयोग, संस्थेने स्वतः किती रक्कम जमवली आहे, याचा आराखडा आधी द्यावा लागतो. लहान ट्रस्टकडे पगारी माणसे नसतात, आणि आराखडा करायलाच तज्ज्ञांना पैसे द्यावे लागतात. त्यात कराची एक विसंगती अशी आहे की ब्रिटनमध्ये नवे घर बांधले तर त्यावर मूल्यवर्धित कर शून्य, आणि जुने घर दुरुस्त केले तर २० टक्के. नोंदलेल्या वास्तूंमधल्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती, तीही १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली. वारसा जपा असे सांगणाऱ्या देशात हा नियम चुकीचा आहे, असे मला मनापासून वाटते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे घर सतराव्या शतकातले किंवा त्याहून जुने मानले जाते. त्याच्या एवढ्या दीर्घ आयुष्यात ब्लेकची वर्षे फक्त तीन. ती तीन वर्षे दाखवण्यासाठी नंतरच्या काळातले सारे काढून टाकायचे का? एखादी व्हिक्टोरियन चूल, विसाव्या शतकातली खिडकी, हेही त्या घराचे आयुष्यच आहे. शिवाय काढून टाकल्यावर त्या जागी काय ठेवायचे, याला पुरावा हवा. ब्लेकने स्वतः या घराचे चित्र काढले आहे. ‘मिल्टन’च्या एका पानावर ते आहे, आणि त्या काव्याच्या ज्ञात प्रती केवळ चार. चित्रात छोटेसे घर आहे, बागेतल्या वाटेवर ब्लेक आहे आणि आकाशातून ओलोलोन नावाची स्त्री-आकृती त्याच्याकडे उतरते आहे. चित्र विलक्षण आहे, पण ते साक्षात्काराचे चित्र आहे, गवंड्याचा नकाशा नव्हे. त्यातली खिडक्यांची संख्या मोजून भिंतीत भोके पाडणे हा ब्लेकचाही अपमान होईल आणि घराचाही.

खोल्यांच्या आत तर पुरावा आणखी विरळ आहे. सोळा पेट्यांमधून आलेले सामान तीन वर्षांनी पुन्हा लंडनला गेले. जुन्या बाजारातून त्या काळच्या खुर्च्या, पलंग, दौत-टाक आणून खोली सजवली, तर पाहणाऱ्याला ते ब्लेकचेच वाटेल, आणि ते खरे नसेल. मला खोल्या जवळजवळ रिकाम्या ठेवण्याचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. भिंतीचा चुना, लाकडी फळ्या, खिडकीतून येणारा उजेड, आणि एका खोलीत चालते दाबयंत्र, ज्यावर शाईचा रूळ फिरवून, ओलसर कागद लावून, पत्र्यावरचा ठसा कसा उठतो हे येणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाहावे. ब्लेकच्या मूळ छापील प्रतींना अशा घरात जागा नाही. कागदावरच्या रंगांना ५० लक्सइतका मंद प्रकाश आणि स्थिर आर्द्रता लागते, आणि गवती छपराखालच्या श्वास घेणाऱ्या भिंतींकडून ती मागणे म्हणजे पुन्हा त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळणे. उत्तम प्रतिकृती पुरेशा आहेत. दाबयंत्राशेजारी कॅथरीनचे नाव ब्लेकच्या बरोबरीने असावे, कारण या घरात छापून निघालेल्या कामात तिचा हात होता.

माणसे येऊ लागली, की घराला नवा भार सोसावा लागतो. राहत्या घराची जमीन आखताना दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. प्रदर्शनाच्या दालनासाठी तो ४०० किलोच्या आसपास धरावा लागतो. वरच्या मजल्याच्या जुन्या तुळया तेवढ्यासाठी बनवलेल्या नाहीत. खाली लोखंडी तुळया घालून हे जमवता येते, पण मग खालच्या खोलीचे छत झाकले जाते. दुसरा उपाय साधा आहे. एका वेळी वर पाच-सहाच माणसे सोडायची. विश्रांत बसलेला माणूसही तासाला सुमारे ५० ग्रॅम पाणी श्वासावाटे आणि त्वचेवाटे हवेत सोडतो, त्यामुळे गर्दी मर्यादित ठेवली तर ओलीचाही प्रश्न हलका होतो. गवती छपराला सर्वांत मोठी भीती आगीची असते, म्हणून जुन्या विजेच्या तारा पूर्ण बदलणे, धुराडे तपासणे आणि उघडी चूल न पेटवणे हे ओघाने आलेच.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाचा हक्क २०१० च्या समानता कायद्याने मान्य केलेला आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. अरुंद, उभा जिना असलेल्या घरात लिफ्ट बसवणे शक्य होत नाही. अशा वेळी तळमजला आणि बाग पूर्ण सुगम करून, वरच्या मजल्याचे दर्शन खाली पडद्यावर घडवतात; स्वच्छतागृह, तिकीटखिडकी, पुस्तकांचे दुकान, मुलांना बसायची जागा हे सारे शक्य तर घराबाहेरच्या वेगळ्या छोट्या इमारतीत नेतात. बागेच्या बाबतीत मात्र जपून पावले टाकावी लागतील, कारण ती नुसती मोकळी जागा नाही. सैनिकाशी झटापट झाली ती याच बागेत. पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी फाटकाबाहेर पडताना नांगरणाऱ्या मुलाने बापाला “फाटक उघडे आहे” असे सांगितल्याचे ब्लेकने पत्रात लिहिले आहे. ती शेते आता उरली नाहीत, समुद्राच्या बाजूला घरे उठली आहेत. पण निदान घराभोवतीचा तुकडा वाहनतळ होऊ नये.

घर आणि सोयी वेगळ्या ठेवण्याची ही वाट मराठी वाचकाला अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याजवळ, समुद्राकाठीच, मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव आहे. इंग्रजी रोमँटिक कवींचे वाचन पचवून ज्यांनी मराठी कवितेला नवे वळण दिले, त्यांचे ते घर. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने तिथे स्मारक उभे केले आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुले झाले. जुने घर घर म्हणून राहिले आणि मराठी कवितेचे दालन त्याच आवारात वेगळे उभे राहिले. खाऱ्या वाऱ्याशी आणि ओलीशी झुंज तिथेही दरवर्षी आहेच, आणि कोकणातला पाऊस ससेक्सच्या कितीतरी पट आहे.

फेल्फममध्ये कामाचा क्रम त्यामुळे जवळजवळ ठरूनच जातो. आधी तात्पुरते आच्छादन आणि टेकू, मग पाहणी आणि नोंदी, मग छप्पर, कारण वरून पाणी येत असताना खालचे काहीही करणे व्यर्थ. त्यानंतर भिंतीभोवतीची शतकानुशतके चढत गेलेली माती खाली उतरवून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर. भिंतींतले सिमेंट काढल्यावर त्या सुकायला एक पूर्ण उन्हाळा तरी द्यावा लागतो. त्याआधी आतला गिलावा केला, तर ओल पुन्हा त्याच्यामागे कोंडते. खोल्यांची मांडणी, फलक, तिकीट या गोष्टी सर्वांत शेवटी येतात, जरी देणगीदारांना आणि वर्तमानपत्रांना त्यांचीच घाई असते.

उद्घाटनानंतरचा खर्च हिशेबात धरलेला नसेल, तर हे घर पुन्हा धोक्यातील वास्तूंच्या त्याच यादीत जाऊन पडेल. आढे दहा-पंधरा वर्षांनी बदलायचे, पाख्यांवरचे शेवाळ खरवडायचे, चुन्याची सफेदी काही वर्षांनी पुन्हा काढायची, चर दर शरद ऋतूत पानांपासून मोकळा करायचा. यातले एकेक काम स्वस्त आहे, पण त्यासाठी कोणी उद्घाटनाची फीत कापत नाही आणि देणगीही सहसा मिळत नाही. म्हणून निधी उभारतानाच त्यातला एक वाटा देखभालीसाठी कायमचा बाजूला ठेवणे आणि गावातला एक शाकारणारा व एक चुन्याचा गवंडी वर्षातून एकदा घराभोवती फिरून जाईल अशी व्यवस्था लेखी करून ठेवणे, हे काम दाराला कुलूप असतानाच पुरे व्हायला हवे.